नववा रकाना

गुरुवार, ९ नोव्हेंबर. पाणी पावणेसातला आले, सव्वासातला गेले. बेसिनचा नळ गळतो, वॉशर बदलायला हवा. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर्तमानपत्र परत केले, शब्दकोडे सोडवून. ठकीने कॉलेजातून फॉर्म आणला. सहा पाने, एकोणतीस रकाने. जेवणानंतर बसून अठ्ठावीस भरले. नववा राहिला. पाकीट गोंदाने बंद केले.

एवढं लिहून काकूंनी पेनाला टोपण लावलं आणि पाकीट चारी कडांनी पुन्हा एकदा दाबून पाहिलं. गोंद वाळला होता. आता ते फाडल्याशिवाय उघडणार नव्हतं, आणि ठकी काही आईच्या हातचं पाकीट फाडणाऱ्यांतली नव्हती.

अख्ख्या इमारतीत त्यांना डायरीवाल्या काकू म्हणत. पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, जिन्यातला दिवा कोणत्या तारखेला गेला, तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू नक्की कोणत्या दिवशी पळाला, असलं काही हवं असलं की लोक त्यांचंच दार वाजवत. लोखंडी कपाटात बावन्न डायऱ्या होत्या, एकाच मापाच्या, पाठीवर वर्ष घातलेल्या. कपाटाची किल्ली काकूंच्या गळ्यात. नवरा पोस्टात होता, गमत्या माणूस. तो म्हणायचा, "आमची बायको सत्यवचनी आहे हो, पण फक्त कागदावर." त्याला जाऊन आठ वर्षं झाली होती. तो किती वाजून किती मिनिटांनी गेला आणि त्या दिवशी उरलेल्या सुपाचं काय केलं, हेही डायरीत होतं.

नवऱ्याचं बोलणं थट्टेचं असलं तरी खोटं नव्हतं. काकू कॉन्व्हेंटात शिकलेल्या. तिथे एक म्हाताऱ्या सिस्टर रोज संध्याकाळी मुलींच्या वह्या तपासायच्या. "बोललेलं खोटं वाऱ्यावर जातं," त्या म्हणायच्या, "लिहिलेलं मागे राहतं आणि तुमच्याच नावाने साक्ष देतं." नऊ वर्षांच्या मुलीने त्यातून आपल्या सोयीचा अर्थ काढला आणि पुढे पासष्ट वर्षं तो पाळला. तोंडाने काकू वाटेल ते सांगत. घरात असून नाही म्हणत, परवाचा केक आजचा म्हणून पुढे करत, कोणाच्या काळ्याठिक्कर नातवाला राजबिंडा म्हणत. कागदावर मात्र त्यांच्या हातून एक शब्द खोटा उतरला नव्हता. रुग्णालयाच्या रेकॉर्ड खोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि सगळ्या नर्सेस त्यांना टरकून असत. फायलीत एक रकाना कोरा दिसला की फाइल उलट्या पावली वॉर्डात. "कोरा रकाना म्हणजे झाकलेला रोग," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आणि आता त्यांनीच एक रकाना कोरा ठेवून वरून गोंद लावला होता.

ठकी त्यांची मुलगी. वय छत्तीस. हे नाव बापाने पाडलेलं. कागदोपत्री दुसरं होतं, पण ते बँकेपुरतं. दातांच्या एका लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. गुलाबी मेणात एकेक दात रोवायचा, प्लास्टरच्या साच्यावर वरचा जबडा खालच्यावर टेकवून बघायचा, कुठे अडतं ते घासायचं. कोणाच्या दातांचा रंग पिवळसर, कोणाचा राखाडी, हे तिला नुसत्या नजरेने कळे. लॅबचा मालक हसरा होता आणि हसत हसतच वर्मावर बोट ठेवायचा. "ठके, तुझे दात कोणावर गेलेत गं?" चारजणांत विचारायचा. "मूळ साचा बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं, नाही का?" ठकी मान खाली घालून मेण खरवडत राही.

कारण ठकी दत्तक होती, आणि हे कोणापासून लपवलेलं नव्हतं. उलट, या घराचा एक नेम होता. दरवर्षी तीन जूनला संध्याकाळी काकू कपाट उघडत, चौतीस वर्षांपूर्वीची डायरी काढत आणि चष्मा पुसून एक पान मोठ्याने वाचत. "३ जून. सकाळी अकरा दहाला घरी आणली. निळा फ्रॉक, पायात एक माप मोठे बूट. रडली नाही. दूध-पाव खाल्ला. ह्यांनी खिडकीतून रस्ता दाखवला. वजन साडेदहा किलो." मग डायरी मिटून कपाटात आणि किल्ली गळ्यात. ठकीला ते पान पाठ होतं. लहानपणी ती आईच्या बरोबरीने म्हणायची आणि "साडेदहा किलो"ला बाप तिला उचलून वजन केल्यासारखं करायचा. पुढचं पान तिने कधी पाहिलं नाही. पाहावंसं वाटण्याचं कारणही नव्हतं.

पण या मुलीचं काहीतरी बिनसलेलं होतं, आणि ते जुनं होतं. तिच्या पलंगाखाली कायम एक भरलेली बॅग असे. शाळेत असताना ती बूट घालून झोपायची. पोरगी म्हणजे अग्निशामक दल आहे असं बाप म्हणायचा. लग्न झालं तेव्हा चौदा महिने सासरी राहिली, पण बॅगेतले कपडे कपाटात लावले नाहीत. नवऱ्याने आधी चेष्टा केली, मग शिव्या दिल्या, मग एके दिवशी स्वतःच बॅग उचलून दाराबाहेर ठेवली. ठकी तिच्यामागोमाग बाहेर पडली, जणू इतके दिवस त्याचीच वाट पाहत होती. काकूंनी तिला घरात घेतलं आणि त्याच दिवशी सुनावलं, "भरलेलीच बॅग घेऊन गेलीस, भरलेलीच घेऊन आलीस. तुला बोलावणं तरी कुठून यायचंय? राजवाड्यातून?"

गेल्या वर्षी लॅबमध्ये मालकाने सहज म्हटलं, "उद्यापासून तू येऊ नकोस," म्हणजे सुट्टी होती म्हणून. आणि ठकी तिथेच फरशीवर बसली. श्वास घेता येईना. दोघींनी धरून पाणी पाजलं. तेव्हापासून तिने उपचारासाठी माणूस शोधायला सुरुवात केली.

शोधण्यातही तिची कमी परवड झाली नाही. पहिला डॉक्टर गालिच्यावर बसवायचा, पण त्याच्या एका तासाला ठकीचा आठवड्याचा पगार जायचा, आणि त्या तासातली दहा मिनिटं तो घड्याळाकडे बघण्यात घालवायचा. दोन खेपांत ते बंद झालं. मग फुकटची एक फोनसेवा मिळाली. पलीकडची बाई मधाळ आवाजात म्हणाली, "तुम्हाला घर मिळालं हो. कितीजणांना मिळत नाही. रोज तीन गोष्टींचे आभार मानत जा." तिसऱ्या वेळी एका सभागृहात दत्तक कुटुंबांची मोफत बैठक होती. ठकी गेली, तर तिथे सगळी मूल घेऊ पाहणारी जोडपी. एका बाईने हातात चहा दिला आणि खांद्याला धरून पुढे उभं केलं. "तुमचं आईबाबांवर प्रेम आहे ना? सांगा ना सगळ्यांना, धीर येईल त्यांना." ठकीने सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परतताना बसथांब्यावर ती ओकली.

शेवटी कॉलेजातलं केंद्र सापडलं. तिथे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनी उपचार करत आणि त्यांच्यामागे एक अनुभवी बाई बसत. फी इतकी कमी की ठकीला आधी पत्रक चुकलंय असं वाटलं. तीस आठवडे, आणि माणूस बदलणार नाही. नाव लावल्यावर सात महिन्यांनी नंबर आला. अट एकच होती: बालपणाचा इतिहास पालकाने स्वतःच्या अक्षरात, एकही रकाना न सोडता भरून द्यायचा. सोमवारी चारपर्यंत. नाही दिला तर जागा पुढच्या माणसाला आणि आपण पुन्हा सात महिने रांगेच्या शेपटाला.

"कशाला ही थेरं?" फॉर्म बघून काकू म्हणाल्या होत्या. "आपलेच दात, आपलेच ओठ. चारचौघांत काय सांगायचं?"

"मी दातांचंच काम करते, आई. एखादा रुतत असेल तर घासायला लागतो."

"तुला काय कमी केलं आम्ही, तेवढं सांग."

"काही नाही. म्हणून तर कळत नाहीये."

काकू फॉर्म भरायला बसल्या आणि, खोटं कशाला, त्यांना मजा आली. लसींच्या तारखा, पहिला दात पडला तो वार, गोवर, नखं खायची सवय केव्हा लागली, सगळं डायऱ्यांतून काढून त्या लिहीत गेल्या. मग नववा रकाना आला. "वयाच्या पाच वर्षांच्या आत मूल पालकांपासून आठवड्याहून अधिक काळ दूर राहिले का? कधी, किती दिवस, कारण." खाली दोन ओळींची जागा.

पेन थांबलं. उत्तर त्यांना डायरी न बघताही ठाऊक होतं. एकोणीस दिवस. घरी आणल्यावर दोन महिन्यांच्या आत त्यांनी त्या मुलीला संस्थेत परत नेऊन दिलं होतं. कोर्टाचा कागद व्हायच्या आधी सहा महिन्यांची मुदत असे, मूल आणि घर एकमेकांना मानवतात का ते बघायला, आणि त्या मुदतीत परत करता येई. एकोणीस दिवसांनी पुन्हा आणली. हे सांगायला आता नवरा नव्हता, संस्था नव्हती. एक कपाट होतं आणि एक किल्ली.

"नाही" लिहिलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. दोन अक्षरं. हात उचलेना. "होय" लिहायलाही उचलेना. म्हणून त्या दहाव्या रकान्याकडे वळल्या.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला ठकी परत आली ती फाटलेलं पाकीट घेऊनच.

"एक राहिलाय बघ," ती म्हणाली. चेहऱ्यावर संशय नव्हता, धावपळ होती. "त्या शिकाऊ ताईंनी माझ्यासमोर उघडलं. म्हणाल्या, इतका देखणा फॉर्म आमच्याकडे आजवर आला नाही. आणि मग म्हणाल्या, हा एवढाच कसा सुटला?"

"चष्मा नव्हता."

"मग आता लिही."

"आता डोळे दुखतात. उद्या."

शनिवारी काकूंच्या मनगटाचा सांधा धरला. शनिवारी दुपारी तो सुटला, पण मग खालच्या बाईंकडे जायचं होतं. रविवारी सकाळी त्यांनी सगळी भांडी काढून घासली. डोक्यात सरळ हिशेब होता: सोमवारचे चार वाजून गेले की झालं. पुढच्या सात महिन्यांत कोण जगतंय, कोण मरतंय. असल्या उपचारावाचून कोणी मेलेलं त्यांच्या रेकॉर्डात नव्हतं.

रविवारी दुपारी ठकीने ताट बाजूला सारलं, फॉर्म टेबलावर ठेवला आणि त्यावर पेन.

"आई, लिही."

"ठेव तिथे."

"दोन दिवस तिथेच आहे. एक शब्द लिहायचाय. 'नाही.' माझ्या पहिल्या जुलाबाची तारीख लिहायला तुला हात होता."

"मग तूच लिही ना."

"पालकाच्या अक्षरात हवंय. तुझं अक्षर मी काढलं तर तूच पहिली बोंब मारशील."

"त्या पोरीला म्हणावं, शिकाऊ आहेस ना, आधी शीक. मोठ्या माणसांना प्रश्न विचारतेय."

ठकी आईच्या डाव्या हाताकडे बघत होती. कोपराच्या खाली एक फिकट व्रण होता, चंद्रकोरीसारखा, आणि त्याच्यासमोर दुसरा.

"हे कशाचं गं?"

"शंभरदा सांगितलंय. कुत्रं चावलं होतं."

"कुत्र्याचे सुळे आत जातात, आई. भोकं पडतात. ही कमान आहे." तिने बोट न टेकवता वरूनच मोजलं. "वरचे चार, खालचे चार. दुधाचे दात आहेत हे. लॅबला लागले त्याच वर्षी ओळखलं मी."

काकूंनी बाही खाली ओढली. "मग इतकी वर्षं बोलली नाहीस ती?"

"मला वाटलं, तू माझी लाज झाकतेयस." ठकीने श्वास घेतला. "बरं वाटायचं मला. की माझ्यासाठी खोटं बोलतेस."

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं पिप्-पिप् खिडकीतून येत राहिलं. ते थांबेपर्यंत ठकीने नववा रकाना पुन्हा वाचला.

"किती दिवस, आई?"

तोंडाने खोटं बोलायला काकूंना एरवी अडचण नव्हती. पण समोर फॉर्म उघडा होता, त्यावर पेन होतं, आणि आता जे म्हणतील ते लगेच त्या दोन ओळींत उतरवावं लागणार होतं.

"एकोणीस," त्या म्हणाल्या.

"मी कुठे होते?"

"जिथून आणली तिथे."

ठकीने हात पुढे केला, तळवा वर. काय मागतेय ते काकूंना कळलं. त्यांनी गळ्यातली किल्ली काढली आणि देता देता म्हणाल्या, "वाच. पण पानं ओली करू नकोस, शाई फुटते."

ठकीने डायरी आणली. तीन जूनचं पान आपसूक उघडलं, इतक्या वर्षांच्या सवयीने. ते तिने उलटलं आणि पुढे पुढे जात राहिली. मग वाचू लागली, आई दर तीन जूनला वाचायची तशीच, मोठ्याने, प्रत्येक पूर्णविरामाला थांबत.

"२८ जुलै. पहाटे पुन्हा दारापाशी उभी, बूट घालून. उचलायला गेले तर डाव्या हाताला चावली. तीन टाके. ह्यांना ऑफिसला उशीर."

"२९ जुलै. गादी पुन्हा ओली. ठरवले."

"३० जुलै. दहाला संस्थेत पोचवली. कपडे, बूट, वाटी-चमचा सोबत दिले. पावती घेतली. येताना पडद्यांचे कापड घेतले. गादी उन्हात टाकली. डाग गेला नाही."

ती थांबली. "पावती आहे अजून?"

"असेल," काकू म्हणाल्या. त्या वर्षाच्या पाकिटात होती. त्यांना माहीत होतं.

"३१ जुलै. आठ तास झोप. बऱ्याच दिवसांनी." ठकी हसली. हसणं वाईट होतं, मेणाचा दात निसटावा तसं. "५ ऑगस्ट. पडदे शिवून झाले. खोली प्रसन्न दिसते. कोणते गं, हे?"

"ते नव्हेत. ते केव्हाच विरले."

"मग मला परत कशाला आणलीत?"

आता कागदाचा संबंध नव्हता. प्रश्न तोंडी होता. काकूंनी उत्तर दिलं, आणि ते झटकन, चांगलं जमून आलं. "करमेना. घर खायला उठलं. ह्यांना घास उतरेना. मी तुझ्या रिकाम्या पलंगापाशी जाऊन बसायची. शेवटी म्हटलं, चावू दे, नाहीतर खाऊ दे, पण आपली पोरगी आपल्याला हवी."

ठकीचा चेहरा हळूहळू सुटला. छत्तीस वर्षांच्या बाईचा चेहरा इतका लहान होऊ शकतो हे काकूंनी प्रथमच पाहिलं. ती थोडी पुढे झुकली, आईच्या हाताकडे. आणि मग, वाचायला घेतलेलं अर्धवट न सोडण्याची सवय तिलाही याच घरात लागलेली होती, म्हणून तिने पान उलटलं.

"११ ऑगस्ट. संस्थेत जाऊन आलो. एक वर्षाच्या आतले मूल सध्या नाही. यादीत बरेच जण. दोन वर्षे थांबावे लागेल."

"ठके, राहू दे आता."

"१७ ऑगस्ट. ह्यांच्या ऑफिसात सगळे विचारतात, मुलगी कुठे. मावशीकडे म्हणून किती दिवस सांगणार. अधीक्षिका म्हणाल्या, तीच न्यायची तर नवा अर्ज नको. दुसरे मिळेपर्यंत हीच बरी, असे ठरले."

शेवटचं वाक्य तिने पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा आवाज न करता, नुसते ओठ हलवत, साच्यावर जबडा बसतो की नाही ते बघावं तसं.

"१८ ऑगस्ट," तिने पुरं केलं. "परत आणली. बूट काढेना. वजन नऊ किलो."

काकू उठल्या, उगाच टेबल पुसलं, पुन्हा बसल्या. इतका वेळ त्यांना काही वाटलं नव्हतं असं नाही, पण जे वाटत होतं त्याला नाव नव्हतं, आणि ज्याला नाव नाही ते त्यांनी कधी लिहिलेलं नव्हतं.

"त्यानंतर आम्ही पुन्हा विचारायला गेलोच नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांनी नाही, चार वर्षांनी नाही. कधीच नाही. दुसरं नकोच होतं मग."

"कुठे लिहिलंय?"

"न केलेलं कोण लिहितं?"

"मग मी काय वाचू, आई?" ठकी म्हणाली. "आत्ता पाच मिनिटांपूर्वी तुझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. हे खरं कशावरून?"

दुसरं मूल मागायला ते पुन्हा गेले नव्हते. हे खरं होतं. अगदी लिहून देण्याइतकं खरं. पण लिहायची वेळ तेहतीस-चौतीस वर्षांपूर्वी येऊन गेली होती, आणि ते दिवस डायरीत पाणी, दूध आणि हवामानाने भरलेले होते.

ठकीने पेन उघडून आईच्या हातात दिलं. काकूंनी ते घेतलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, गोल, सरळ, एकाही शब्दाला कंप नाही. "होय. ३० जुलै ते १८ ऑगस्ट, १९ दिवस. मूल संस्थेस परत केले होते. दुसरे मूल उपलब्ध नसल्याने पुन्हा आणले." दोन ओळींत नेमकं बसलं. लिहून झाल्यावर त्यांनी टीपकागद दाबला आणि सवयीने सहाही पानं उलटून पाहिली. एकही रकाना कोरा नव्हता.

त्या रात्री काकूंना गाढ झोप लागली. सकाळी त्याची लाज वाटली नाही. फक्त त्याची नोंद घ्यायला हवी असं वाटलं.

सोमवारी ठकी अर्धी रजा टाकून केंद्रात गेली आणि दीडच्या सुमारास घरी आली. काकूंनी दोघींचं ताट वाढून ठेवलं होतं.

"घेतला का फॉर्म?"

"घेतला. गुरुवारपासून सुरू. तीस आठवडे."

"बरं झालं." काकूंना खरोखरच बरं वाटलं. "जागा तर नाही गेली."

"ताईंनी तो रकाना वाचला. मग मला विचारलं, आई एखाद्या आठवड्याला यायला तयार होतील का. पुष्कळदा उपयोग होतो म्हणाल्या."

"येईन की. गुरुवारी मला काय काम असतं? डायरी आणू का?"

ठकी मधल्या खोलीत आपल्या पलंगाशी वाकून बॅग ओढत होती. ती तशीच थांबली.

"तिथे लिहायचं नसतं, आई. सगळं तोंडानं बोलायचं असतं," ती म्हणाली. "तुझं तोंडचं घेऊन मी काय करू?"

तिने बॅग दारापाशी आणली. लॅबजवळच्या महिला वसतिगृहात एक खाट रिकामी झाली होती. ती तिने सकाळीच पक्की केली होती. काकूंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बॅग भरायला हात लावू का?" आणि दोघींनीही तिच्याकडे पाहिलं. ती चौतीस वर्षं भरलेलीच होती.

आता काहीतरी बोलायला हवं होतं. काकू स्वयंपाकघरात गेल्या, फडताळ उघडलं आणि ठकीची स्टीलची वाटी आणि चमचा कोरडा करून घेऊन आल्या. "हे ने. तिथली भांडी कोण जाणे कोणी वापरलेली असतील."

ठकीने वाटीकडे पाहिलं. मग आईकडे.

"तेव्हाही दिली होतीस," ती म्हणाली. "पावती देऊ का?"

ती वाटी न घेताच उतरली. काकू जिन्याच्या कठड्याशी उभ्या राहिल्या, पायऱ्या मोजत. एकूण अडतीस होत्या. बॅगेचं चाक प्रत्येक पायरीवर आपटत होतं. छत्तिसाव्या पायरीला ते थांबलं, थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि मग उरलेल्या दोन्ही पायऱ्या एकदमच वाजल्या.

"ठके," त्यांनी हाक मारली. "तुला नेहमी हवीच होतीस गं तू आम्हाला."

खालचं दार लागलं. पहिलाच शब्द चुकला होता, 'तू' म्हणायचं तिथे तोंडून 'तुला' निघालं होतं. लिहिताना असं त्यांच्याकडून कधीच झालं नसतं.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार किलकिलं करून वर पाहिलं. "काय काकू, कुठे निघाली ठकी?"

"मावशीकडे," काकू म्हणाल्या आणि आत आल्या.

एक ताट झाकून ठेवलं, दुसऱ्यातलं जेवल्या. दुपार लांबलचक होती. पाचच्या पुढे त्यांनी डायरी काढली. वाटलं होतं की आज बरंच लिहायचं आहे. पेन उघडलं, तारीख घातली, वार घातला. ठकी गेली असं लिहावं, तर ती कुठे, किती दिवस आणि का, हे तिन्ही लिहावं लागणार; आणि किती दिवस, ते त्यांना माहीत नव्हतं. माहीत नसलेलं त्या लिहीत नसत. बराच वेळ निब कोरडं होत राहिलं. मग जे डोळ्यांदेखत झालं होतं, स्वतःच्या हातांनी केलं होतं, तेवढं त्यांनी लिहिलं.

सोमवार, १३ नोव्हेंबर. काल आठ तास झोप. मधल्या खोलीतली गादी गच्चीवर उन्हात टाकली. पाचला आत आणली.